खान्देशच्या उन्हात बॅटरीची लॉन यंत्रे: व्यावसायिक कामाच्या कसोटीवर

जळगाव, भुसावळ आणि धुळे या शहरांतील लग्नाची लॉन्स, रुग्णालये, महाविद्यालये आणि बंगले यांच्या हिरवळीची देखभाल कंत्राटाने करण्याचा आमचा व्यवसाय आहे. गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यापासून या कामाचा बराचसा भाग आम्ही बॅटरीवर चालणाऱ्या यंत्रांवर आणला आहे. तेव्हापासून या व्यवसायातील मंडळी आणि लॉन्सचे मालक एकच गोष्ट विचारत आले आहेत: पेट्रोलची यंत्रे विकून टाकावीत इतकी ही यंत्रे भरवशाची झाली आहेत का? माझे मत असे आहे की यंत्रे पुरेशी सक्षम झाली आहेत, परंतु आपल्या भागात त्यांचे यश यंत्राच्या ताकदीपेक्षा बॅटरी कुठे चार्ज होते आणि दुपारी कुठे ठेवली जाते यावर अधिक ठरते. हे मत कशावरून बनले, ते पुढे सविस्तर मांडतो.

आमच्याकडील संच ३६ व्होल्टचा आहे. ४६ सेंटीमीटर पात्याचे लॉन मूव्हर, ब्रश कटर (लांब दांड्याच्या टोकाला फिरणारे पाते किंवा दोरी असलेले यंत्र), मेंदी कापायचे हेज ट्रिमर आणि हातात धरून हवेच्या झोताने कचरा उडवायचा ब्लोअर ही चारही यंत्रे एकाच प्रकारच्या बॅटरीवर चालतात. स्टिल, हस्कवर्ना, मकिता अशा व्यावसायिक यंत्रे बनवणाऱ्या बहुतेक कंपन्यांची रचना आता साधारण अशीच असते. त्यामुळे पुढील मजकूर एखाद्या कंपनीच्या बाजूचा किंवा विरोधातला नसून या प्रकारच्या यंत्रांविषयीचा आहे, असे समजावे.

खरेदीस निघालेल्यांनी एक बाब सर्वप्रथम समजून घ्यावी, कारण फसवणूक बहुतेक वेळा तिथेच होते. लिथियम-आयन बॅटरीच्या एका सेलचा सरासरी दाब ३.६ व्होल्ट आणि पूर्ण भरल्यावरचा दाब ४.२ व्होल्ट असतो. दहा सेल एकापुढे एक जोडले की ३६ व्होल्टची बॅटरी तयार होते. तीच पूर्ण भरल्यावर ४२ व्होल्ट दाखवते, म्हणून काही कंपन्या तिला ४० व्होल्ट म्हणतात. दोन्हींत फरक काहीच नाही. मात्र ऑनलाइन दोन-तीन हजारांत मिळणाऱ्या ग्रास कटरवर ४८ किंवा ८८ असे आकडे मोठ्या अक्षरांत छापलेले असतात आणि आत पाचच सेलची, म्हणजे १८ ते २१ व्होल्टची बॅटरी निघते. त्यामुळे व्होल्टचा आकडा पाहून निर्णय घेऊ नये. बॅटरीच्या लेबलवर वॅट-अवर, म्हणजे बॅटरीत मावणारी एकूण ऊर्जा, किती लिहिले आहेत ते पाहावे. ते लिहिलेले नसतील तर व्होल्ट आणि अँपिअर-अवर यांचा गुणाकार करावा. १८ व्होल्ट आणि ५ अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे ९० वॅट-अवर. व्यावसायिक ब्रश कटरसाठी निदान २५० ते ३०० वॅट-अवरची एक बॅटरी लागते, आणि अशा एकीवर दिवस निघत नाही.

हेज ट्रिमरबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. मेंदी, दुरांटा किंवा बोगनवेलीची कुंपणे कापण्यासाठी आता पेट्रोलचे यंत्र घेण्याचे कोणतेही कारण उरलेले नाही. या कामाला शक्ती कमी लागते, त्यामुळे लहान बॅटरीही तासभर पुरते. यंत्र खांद्याच्या वर धरून काम करताना धूर तोंडावर येत नाही, आणि एका रोपाकडून दुसऱ्याकडे जाताना ते बंद राहते. ब्लोअरबाबतही माझे मत अनुकूलच आहे, मात्र पूर्ण वेगावर तो बॅटरी फार लवकर संपवतो. लग्न आटोपल्यावर लॉनवर पडलेल्या अक्षता, फुलांच्या पाकळ्या आणि कागदी चमक्या उडवण्यासाठी पूर्ण वेगाची गरज नसते. मध्यम वेगावर एका बॅटरीत बऱ्यापैकी मोठे लॉन साफ होते.

कसोटी लागते ती लॉन मूव्हरची, कारण आमच्या उत्पन्नाचा कणा लग्नाची लॉन्स हाच आहे. खान्देशात लग्नसराईचा जोर एप्रिल-मे महिन्यांत असतो आणि नेमका त्याच वेळी पारा ४४-४५ अंशांपर्यंत जातो. दोन तिथींच्या मध्ये मिळणाऱ्या थोड्या वेळात गवत कापून, झाडून, पाणी देऊन मैदान पुन्हा मांडववाल्यांच्या ताब्यात द्यावे लागते. ४६ सेंटीमीटरचे पाते, थोडासा एकावर एक येणारा पट्टा आणि सावकाश चालीचा वेग धरला, तर हिशेबाने तासाला बारा-तेरा गुंठे निघायला हवेत. वळणे, टोपली रिकामी करणे, खुर्च्या आणि कमानी बाजूला करणे हे धरून प्रत्यक्षात आठ ते दहा गुंठे निघतात. पेट्रोलचे मूव्हरही याहून फार पुढे जात नाही, कारण इथे वेग माणसाच्या पायांचा असतो, इंजिनाचा नसतो.

नियमित कापल्या जाणाऱ्या सिलेक्शन वन किंवा मेक्सिकन जातीच्या गवताच्या लॉनवर बॅटरीचे मूव्हर उत्तम काम करते. पात्याचा वेग सारखा राहतो, काप स्वच्छ येतो आणि पानांची टोके फाटून पिवळी पडत नाहीत. गवताच्या उंचीचा एक तृतीयांशापेक्षा अधिक भाग एका वेळी कापू नये हा नियम सगळीकडेच सांगितला जातो, परंतु बॅटरीच्या यंत्रासाठी तो अटच समजावा. आठवडाभराऐवजी पंधरवड्याने कापायला गेल्यास त्याच मैदानाला बॅटऱ्या जवळजवळ दुप्पट लागतात. मालकाशी करार करताना आम्ही आता कापणीचे अंतर लिहूनच घेतो. उन्हाळ्यात पात्याची उंचीही थोडी वाढवून ठेवतो, म्हणजे मुळांवर सावली राहते, पाणी कमी उडते आणि बॅटरीही वाचते.

मांडव उठल्यावर मैदानात खिळे, बांधणीची तार आणि प्लास्टिकचे पेले राहतात. पेट्रोलच्या मूव्हरचे पाते अशा खुंटीवर किंवा खिळ्यावर जोरात आदळले, तर इंजिनाच्या फ्लायव्हीलची चावी (चाक दांड्यावर जागेवर धरणारी छोटी पट्टी) तुटून यंत्र तिथेच बंद पडते आणि मिस्त्रीकडे न्यावे लागते. बॅटरीच्या मूव्हरमध्ये विद्युतप्रवाह अचानक वाढल्याचे नियंत्रकाच्या लक्षात येते आणि तो मोटर थांबवतो. पाते तपासून पुन्हा सुरू केले की काम पुढे चालू होते. ही सोय मला फार मोलाची वाटते. तरीही पाते तपासण्यापूर्वी बॅटरी काढून बाजूला ठेवण्याची शिस्त प्रत्येक कामगाराला लावलीच पाहिजे. पेट्रोलचे इंजिन बंद आहे हे कानाला कळते. बॅटरीचे यंत्र मात्र शांत उभे असतानाही एका बटणावर फिरू शकते.

ब्रश कटरच्या बाबतीत माझे मत दोन ऋतूंत दोन प्रकारचे आहे. लॉनच्या कडा, झाडांची आळी, फरशीच्या फटी आणि रुग्णालयाच्या आवारातील वाटा यांसाठी नायलॉनच्या दोरीसह बॅटरीचा ब्रश कटर पेट्रोलइतकाच कामाला येतो, आणि काही बाबतीत सरस ठरतो. त्याची कंपने फारच कमी आहेत. हातापर्यंत पोहोचणाऱ्या कंपनांसाठी युरोपीय नियमांत आठ तासांच्या सरासरीने २.५ मीटर प्रति सेकंद वर्ग ही सावधगिरीची आणि ५ ही कमाल मर्यादा आहे. पेट्रोलवर चालणारे अनेक ब्रश कटर पहिल्या मर्यादेच्या पुढे सहज जातात. आमच्याकडील साक्रीकडचा एक कामगार पहिल्याच आठवड्यात म्हणाला, “भाऊ, आते हात बधिर व्हत नही.” वर्षानुवर्षे ही यंत्रे धरणाऱ्या माणसाच्या तोंडचे हे वाक्य मला कोणत्याही आकड्यापेक्षा महत्त्वाचे वाटते, आणि या यंत्रांवर खर्च करण्यामागे हे कारण एकटेच पुरेसे आहे असे मी मानतो.

पावसाळ्यात मात्र चित्र बदलते. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये बिनशेती प्लॉटवर आणि लेआउटच्या ओपन स्पेसवर गाजरगवत, तरोटा आणि कुंदा कमरेइतके माजतात. काळ्या जमिनीत पाय रुतत असताना, लोखंडी पाते लावून, तासन् तास न थांबता ते कापावे लागते. अशा कामात २८० वॅट-अवरची बॅटरी वीस-पंचवीस मिनिटांत संपते. दिवसभर पुरतील इतक्या बॅटऱ्या चिखलात वाहून नेणे खर्चाच्या दृष्टीने परवडत नाही आणि सोयीचेही नाही. पाठीवर बांधायची मोठी बॅटरी हा एक पर्याय आहे, पण तिची किंमत आणि तिच्या वजनामुळे पाठीला फुटणारा घाम पाहता आमच्या हवामानात तो मला अजून योग्य वाटत नाही. या कामासाठी आम्ही चार-स्ट्रोकचे, म्हणजे पेट्रोलमध्ये ऑइल न मिसळता चालणारे, पेट्रोल ब्रश कटर ठेवले आहेत आणि ते काढून टाकण्याचा सध्या विचार नाही.

पेट्रोल ठेवण्याचीही एक नवी अडचण आता उभी राहिली आहे. देशात पंपांवर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, आणि लहान इंजिनांच्या अनेक उत्पादकांच्या माहितीपुस्तिकेत १० टक्क्यांपर्यंतच परवानगी दिलेली आढळते. इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते. पावसाळ्यात बरेच दिवस डब्यात राहिलेल्या पेट्रोलमध्ये पाणी तळाशी उतरू शकते, कार्बोरेटरमध्ये चिकटा धरतो आणि रबराचे पडदे कडक होतात. दोन-स्ट्रोक यंत्रात तर ऑइलचे मिश्रण करून ठेवलेले असते, त्यामुळे त्रास अधिक होतो. हंगामात थोड्या दिवसांपुरतेच वापरायचे यंत्र बॅटरीवरचे असावे, असे मला वाटू लागण्यामागे हे एक मोठे कारण आहे. महिनाभर कपाटात पडलेला हेज ट्रिमर बॅटरी लावताच चालतो; महिनाभर पडलेल्या पेट्रोलच्या यंत्राची दोरी ओढून हात दुखतो.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो, तो उष्णतेचा. लिथियम-आयन बॅटरी वापरताना बऱ्यापैकी उष्णता सहन करते, पण चार्ज होताना करत नाही. माहितीपुस्तिका चाळल्यास चार्जिंगसाठी साधारण १० ते ४० अंश हे तापमान सांगितलेले दिसते, आणि ५० अंशांच्या पुढे जाईल अशा जागी बॅटरी ठेवू नये अशीही सूचना असते. ही मर्यादा थंड देशांतील वाचकाला कागदावरची वाटत असेल. जळगाव-भुसावळच्या मे महिन्यात दुपारी सावलीतली हवाच ४० अंशांच्या पुढे असते, आणि उन्हात उभ्या असलेल्या बंद छोट्या टेम्पोच्या आतील तापमान ६० अंशांवर सहज पोहोचते. काम करून आलेली बॅटरी आधीच तापलेली असते. ती चार्जरवर लावली की लाल दिवा लुकलुकतो आणि चार्जर वाट पाहत बसतो. हा बिघाड नव्हे, बॅटरी वाचवण्यासाठीच चार्जर तसे करतो. परंतु ज्याचे वेळापत्रक एका तासात बॅटरी भरेल या हिशेबावर आखलेले आहे, त्याचे काम त्या दिवशी अडते.

उन्हाळ्यात आमचे काम सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी साडेपाचपासून अंधार पडेपर्यंत चालते. दोन पाळ्यांच्या मध्ये आठ-साडेआठ तास मिळतात, त्यामुळे कागदावर हे वेळापत्रक बॅटरीसाठी आदर्श दिसते. अडचण अशी की नेमके हेच तास दिवसातील सर्वात तापलेले असतात. पत्र्याच्या गोदामात चार्जिंग करणे म्हणूनच आम्ही पूर्ण बंद केले. जाड भिंतींची, उत्तरेकडे तोंड असलेली एक खोली घेतली, तीत कूलर लावला आणि चार्जर कूलरच्या थेट झोतापासून दूर, कोरड्या बाजूच्या फळीवर ठेवले, कारण कूलरच्या हवेतील ओलावा आणि तुषार विजेच्या उपकरणांना चालत नाहीत. कामावरून आलेल्या बॅटऱ्या तास-दीड तास नुसत्या फळीवर निवतात आणि मगच चार्जरवर जातात. रात्रीचे चार्जिंग याहून चांगले, कारण मध्यरात्रीनंतर हवा उतरते. पण रात्री खोलीत कोणी नसते, म्हणून आम्ही टायमर लावतो आणि आसपास पुठ्ठा, कापड किंवा पेट्रोलचा डबा ठेवू देत नाही.

वाहनातही बदल करावा लागला. बॅटऱ्या आता थर्माकोलच्या जाड पेटीतून जातात आणि गाडी थांबताच ती पेटी उतरवून झाडाखाली ठेवली जाते. पेटीत बर्फ घालण्याचा मोह काहींना होतो. तो टाळावा, कारण थंड झालेल्या बॅटरीवर बाहेरच्या हवेतील पाणी धरते. पूर्ण भरलेली बॅटरी उन्हाळ्यात दिवसेंदिवस तशीच पडू देऊ नये, हेही ध्यानात ठेवावे. भरलेली अवस्था आणि उष्णता या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या की सेल सर्वाधिक वेगाने म्हातारे होतात. लग्नाच्या तिथी नसलेल्या दिवसांत आम्ही बॅटऱ्या साधारण निम्म्या भरलेल्या ठेवतो.

एवढी काळजी घेण्याचे कारण पैशाच्या हिशेबात आहे. माझा हिशेब पुढीलप्रमाणे मांडतो. ज्याने त्याने आपल्या दरांनी तो तपासून पाहावा. पेट्रोलचा ब्रश कटर तासाला साधारण पाऊण लिटरच्या आसपास पेट्रोल पितो. लिटरला शंभरच्या वर रुपये आणि ऑइल धरल्यास तासाचा खर्च ऐंशी-पंच्याऐंशी रुपये येतो. तेवढ्याच कामाला बॅटरीकडून सुमारे ०.७ युनिट (एक युनिट म्हणजे १,००० वॅट-अवर) आणि चार्जरमधील घट धरून एक युनिटच्या आत वीज लागते. व्यापारी दराने युनिटला पंधरा रुपये धरले तरी तासाला पंधरा रुपयांच्या आत भागते. म्हणजे तासाला सत्तर रुपयांची बचत झाली. इथपर्यंतचा हिशेब सगळेच विक्रेते सांगतात.

पुढचा भाग ते सांगत नाहीत. आलटून पालटून काम चालण्यासाठी निदान तीन मोठ्या बॅटऱ्या लागतात. एकीची किंमत वीस हजार धरली तर साठ हजार रुपये झाले. २८० वॅट-अवरची बॅटरी ८०० वेळा भरून रिकामी झाली असे मानले, तर तीन बॅटऱ्यांतून सुमारे ६७० युनिट काम मिळते आणि त्यावर यंत्र साडेनऊशे तासांच्या आसपास चालते. सत्तर रुपयांच्या हिशेबाने बचत सहासष्ट-सदुसष्ट हजार येते, म्हणजे बॅटऱ्यांचे पैसे वसूल होऊन किंचित वर उरते. आता त्याच बॅटऱ्या उष्णतेमुळे ८०० ऐवजी ५०० वेळाच भरल्या गेल्या, तर बचत बेचाळीस हजारांवर थांबते आणि अठरा हजारांची खोट बसते. नफा आणि तोटा यांतील हे सारे अंतर यंत्राच्या गुणवत्तेतून येत नाही. बॅटरी किती थंड ठेवली यातून येते. थंड खोलीचा आणि थर्माकोलच्या पेटीचा आग्रह मी धरतो तो म्हणूनच.

या हिशेबात स्पार्क प्लग, एअर फिल्टर, कार्बोरेटरची सफाई आणि स्टार्टरची दोरी यांचा खर्च धरलेला नाही. तो धरल्यास पारडे बॅटरीकडे थोडे झुकते. आमच्या धुळीत एअर फिल्टर फार लवकर भरतो, हे या व्यवसायातील प्रत्येकाला ठाऊक आहे. बॅटरीच्या यंत्राला फिल्टर नसला तरी मोटरच्या हवेच्या जाळ्या रोज ब्रशने साफ कराव्या लागतात, नाहीतर मोटर तापून बंद पडते. पाइपने पाणी मारून मूव्हर धुण्याची सवय मात्र मोडावी लागली. पात्याखालचा चिकटलेला चोथा बॅटरी काढून, यंत्र आडवे करून लाकडी पट्टीने खरवडणे हाच योग्य मार्ग आहे.

पर्यावरणाच्या दृष्टीने पाहता, “वीज तरी कोळशाचीच ना?” असा आक्षेप हमखास घेतला जातो. तो चुकीचा नाही. भुसावळजवळच्या दीपनगर औष्णिक वीजकेंद्राची धुराडी आपल्या डोळ्यांसमोर आहेत. त्याच वेळी साक्री तालुक्यातील ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्या आणि शिवाजीनगरचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प हेही आपल्याच भागात आहेत. देशाच्या ग्रीडमधील एका युनिटमागे सरासरी ०.७ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड पडतो. एक लिटर पेट्रोल जळताना सुमारे २.३ किलो पडतो. लहान इंजिन पेट्रोलमधील ऊर्जेपैकी फार तर पाचवा-सहावा भागच पात्यापर्यंत पोहोचवते, त्यामुळे एका लिटरमधून साधारण दीड युनिट उपयुक्त काम मिळते. तेवढे काम बॅटरीतून घ्यायला चार्जर आणि मोटरमधील घट धरून दोन युनिटांच्या आत वीज लागते, म्हणजे उत्सर्जन १.४ किलोच्या आत राहते. ग्रीडमधील कोळशाची वीज धरूनही बचत चाळीस टक्क्यांच्या आसपास आहे. छतावर सौर पॅनेल असल्यास ती आणखी वाढते, आणि खान्देशात उन्हाची वाण नाही.

कार्बनपेक्षाही मला जवळचा वाटतो तो धूर. साध्या दोन-स्ट्रोक इंजिनात आत आलेल्या इंधनाचा पाव ते एक तृतीयांश भाग न जळताच बाहेर पडतो, आणि तो सर्वप्रथम यंत्र धरणाऱ्याच्या छातीत जातो. कॅलिफोर्निया राज्याने २०२१ मध्ये कायदा करून २०२४ पासून लहान पेट्रोल इंजिनांच्या नव्या यंत्रांच्या विक्रीवर निर्बंध आणले, ते याच कारणासाठी. तेथील हवा मंडळाच्या हिशेबानुसार, व्यावसायिक पेट्रोल ब्लोअर एक तास चालवल्याने धुरके निर्माण करणारे जितके प्रदूषण होते, तितके एक मोटार लॉस एंजेलिसहून डेन्व्हरपर्यंत, म्हणजे सुमारे १,७७० किलोमीटर चालवल्याने होते. आपल्याकडे असा कायदा नाही. पण रुग्णालये, शिक्षणसंस्था आणि न्यायालये यांच्याभोवतीच्या १०० मीटरपर्यंत शांतता क्षेत्राची तरतूद २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत आहे, आणि तिथे दिवसा ५० डेसिबलची मर्यादा आहे. बॅटरीचे यंत्रही त्या मर्यादेत पूर्णपणे बसत नाही, हे मान्य करायला हवे. मात्र त्याचा आवाज भिंतीपलीकडच्या खाटेवरील रुग्णापर्यंत पेट्रोलच्या यंत्रासारखा पोहोचत नाही. रुग्णालयाची आणि महाविद्यालयांची कामे आम्हाला आता सहज मिळतात आणि सकाळी सहाला सुरू करता येतात, याचे श्रेय या शांततेलाच आहे.

पर्यावरणस्नेही लॉन म्हणून जाहिरात करणाऱ्यांनी पाण्याचाही विचार करावा, एवढे जाता जाता नमूद करतो. मे महिन्यात हिरवळीला दिवसाला चौरस मीटरमागे पाच-सहा लिटर पाणी लागते. दहा गुंठ्यांना सहा हजार लिटरच्या घरात. जिथे नळाला काही दिवसांआड पाणी येते तिथे हा आकडा लिटरभर पेट्रोलच्या बचतीपेक्षा फार मोठा आहे. कापलेले बारीक गवत टोपलीत न घेता लॉनवरच पसरू दिल्यास ओल टिकते आणि नत्रही परत मिळते. बॅटरीच्या मूव्हरला टोपलीशिवाय मल्चिंगवर चालवणे जमते, फक्त गवत कोरडे आणि आखूड हवे.

बॅटरीच्या चर्चेत वायरवर चालणाऱ्या मूव्हरकडे उगाच दुर्लक्ष होते, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्या लॉन्सच्या मालकाकडे स्वतःचा माळी आहे आणि मैदानाभोवती ठिकठिकाणी वीज आहे, त्याने बॅटरीचे यंत्र घेऊच नये. दीड किलोवॅटचे वायरचे मूव्हर बरेच स्वस्त पडते आणि त्यात म्हातारी होणारी बॅटरीच नसते. केबल मात्र २.५ चौरस मिलिमीटरची घ्यावी. शंभर मीटरच्या १.५ च्या केबलमध्ये या भारावर सुमारे १६ व्होल्टची घट होते आणि २.५ च्या केबलमध्ये दहाच्या आत राहते. उन्हाळ्यात दाब आधीच कमी असताना हा फरक मोटरला जाणवतो. बोर्डावर ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी (विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच) असल्याशिवाय आणि गवत पूर्ण कोरडे असल्याशिवाय हे यंत्र कोणाच्या हातात देऊ नये. केबल नेहमी खांद्यावरून मागे सोडावी आणि कापलेल्या बाजूला ठेवावी. आमच्यासारख्या फिरत्या कंत्राटदाराला ते गैरसोयीचे आहे, एका जागेच्या मालकाला मात्र तेच योग्य आहे.

उरतो सेवेचा प्रश्न, आणि सध्या सर्वाधिक नाराजी मला याच बाबतीत आहे. पेट्रोलच्या ब्रश कटरचा कार्बोरेटर जळगाव-धुळ्यात शेतीपंपांच्या कोणत्याही दुकानात मिळतो आणि मिस्त्री तो अर्ध्या तासात बसवून देतो. आमच्या एका बॅटरी यंत्राचे नियंत्रक सर्किट लग्नसराईत गेले, तेव्हा ते मोठ्या शहरातील सेवाकेंद्राकडे पाठवावे लागले आणि ते परत येईपर्यंत हंगाम संपला होता. मोटर आणि बॅटरी दोन्ही ठणठणीत असताना एका सर्किटपायी यंत्र पडून राहावे, ही स्थिती व्यावसायिक वापराला शोभणारी नाही. विक्रेत्याला आम्ही आता किंमत विचारण्यापूर्वी दोन गोष्टी लेखी मागतो: बिघाडाच्या काळात बदली यंत्र मिळेल का, आणि हीच बॅटरी पाच वर्षांनी बाजारात मिळेल का. पहिल्या प्रश्नावर टाळाटाळ करणाऱ्याकडून खरेदी करू नये, मग सूट कितीही असो.

ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांनी आधी हेज ट्रिमर आणि दोन बॅटऱ्या घ्याव्यात, त्याच बॅटरीवर चालणारा ब्रश कटर हिवाळ्यात जोडावा आणि एक उन्हाळा चार्जिंगच्या खोलीसह निभावल्यावरच मूव्हरचा विचार करावा. पावसाळी रानासाठी चार-स्ट्रोकचे एक पेट्रोल यंत्र राहू द्यावे. निकामी झालेली बॅटरी भंगारवाल्याला देऊ नये. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ती परत घेण्याची व्यवस्था करणे ही उत्पादकाची जबाबदारी आहे. विक्रेता ती कुठे जमा करून घेतो, ते नवी बॅटरी घेतानाच बिलावर लिहून घ्यावे.